बायपासनंतर घरी: दुखण्याच्या औषधांची तयारी

रुग्ण घरी येण्याच्या आदल्या दिवशी औषधांचा डबा उपसा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांतलं जे सापडेल ते बाजूला काढा. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली गोळीही त्यातच आली. बायपासनंतर या गटातल्या औषधांनी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, किडनीवर ताण येतो, अंगात पाणी साठतं. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही आडवं येतं. फसगत होते ती मिश्र गोळ्यांत. कॉम्बिफ्लॅम अनेक घरांत ‘तापाची गोळी’ म्हणून असते, पण तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. म्हणून नावावर जाऊ नका, पाकिटामागचे घटक वाचा. या साफसफाईत डॉक्टरांनी लिहून दिलेलं कमी मात्रेचं ॲस्पिरिन मात्र काढू नका. ते दुखण्यासाठी नसून नव्या रक्तवाहिन्यांत गुठळी होऊ नये म्हणून असतं.

मुख्य आधार पॅरासिटामॉलचा. किती मिलिग्रॅम, किती तासांनी, किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ‘दुखलं तर घ्या’ एवढ्यावर निघू नका. दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही यात मोजायचं. वजन ५० किलोपेक्षा कमी, यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा कमी असते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हृदयाची झडप बदललेली असून वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर पॅरासिटामॉलच्या रोजच्या मोठ्या मात्रेने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, चढू शकतो. तपासणीची तारीख विचारा.

ट्रामाडोल (दुखण्यावरचं जास्त तीव्र औषध) दिलं असेल तर त्याच दिवशी बद्धकोष्ठाचं औषधही मागा. संडासला कुंथणं छातीच्या हाडालाही नको आणि हृदयालाही. ट्रामाडोलने चक्करही येते, म्हणून रात्री उठताना सोबत कुणीतरी हवं. नैराश्याची औषधं चालू असतील तर ट्रामाडोल घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

वेळही महत्त्वाची. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (खोल श्वासाच्या व्यायामाचं साधन) ओढण्याच्या आणि चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतली, तर श्वास खोल जातो. दुखतंय म्हणून उथळ श्वास घेत राहिलं की कफ साठतो, न्यूमोनिया गाठतो. खोकताना छातीशी घट्ट धरायला टणक उशी हाताशी ठेवा. टाक्यांवर बाम नको.

छातीच्या हाडात कटकट आवाज, जखमेतून पू, ताप, धाप, किंवा ऑपरेशनआधी व्हायची तशी छातीतली कळ यांवर गोळी घेऊन वाट पाहू नका. दवाखान्याचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.