प्राग आणि व्हिएन्ना, सहा रात्री: तिकिटांआधी वार ठरवा

युरोपच्या तयारीची यादी आपण सहसा पासपोर्टपासून सुरू करतो. मी म्हणेन, कॅलेंडरपासून करा. आपल्याकडे वार बघतात ते उपवासासाठी, नाहीतर नखं कापण्यासाठी. चेक प्रजासत्ताकातल्या प्रागला आणि ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला ते दुकानं आणि संग्रहालयांसाठी बघावे लागतात. आम्ही पहिल्या खेपेला बघितले नव्हते. आई-बाबांना घेऊन प्रागच्या ज्यू वस्तीत पोचलो तर शनिवार, सब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, सगळी सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, बंद. दुसऱ्या दिवशी व्हिएन्नात उतरलो तर रविवार, दुकानं बंद, आणि चहाला दूध मिळेना. चूक आमचीच, वेळापत्रकं समोर होती आणि कुणी उघडली नव्हती.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी आधी सात चौकोन काढायला सांगतो. मंगळवारी दुपारी प्रागला उतरा. बुधवारी किल्ला, गुरुवारी जुनं गाव आणि मग ज्यू वस्ती, शुक्रवारी सकाळी रेल्वेने व्हिएन्ना. शनिवारी शोनब्रुन राजवाडा, रविवारी कुन्स्टहिस्टोरिशेस हे चित्रांचं मोठं संग्रहालय, सोमवारी परत. हे संग्रहालय उन्हाळ्याचे महिने सोडले तर सोमवारी बंद असतं, त्यामुळे ते सोमवारवर ढकलू नका. मे महिन्यात जाणार असाल तर १ आणि ८ मे याही तारखांवर फुली मारा. १ मे दोन्ही देशांत सुट्टी, ८ मे चेक प्रजासत्ताकात, आणि त्या दिवशी तिथली मोठी दुकानं बंद असतात. विमानाचं तिकीट प्रागला उतरून व्हिएन्नाहून परतण्याचं काढा. जाऊन-येऊन एकाच शहराचं काढलंत तर एक अख्खा दिवस उलट्या प्रवासात जातो.

वार ठरले की व्हिसा, दोन्ही देशांना चालणारा एकच शेंगेन व्हिसा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. वरच्या आखणीत तीन-तीन रात्री आहेत, म्हणजे अर्ज चेककडे. अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. प्रौढांसाठी फी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. बाबांच्या पासपोर्टवर पानं होती, पण शेवटचीच. सगळ्यांचे पासपोर्ट आजच उघडून बघा.

आता आगाऊ काय काढायचं. माझ्या मते मोजक्याच गोष्टी. शोनब्रुनची तिकिटं वेळ ठरवून मिळतात, ती घरूनच काढा, आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत, आपल्याला त्यातल्या चाळीसेक दाखवतात, आणि तेवढ्या पुरतात. मागची बाग फुकट आहे, टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंतचा चढ ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर सोडा. चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र बघायचं असेल तर व्हिएन्नातल्या अपर बेल्व्हेडेर संग्रहालयाचंही तिकीट काढून ठेवा. ऑपेरा हवा असेल तर व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याने बघण्याची स्वस्त तिकिटं असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सुट्टी. शुक्रवारच्या रेल्वेचं तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. प्रवास साधारण चार तासांचा, ब्रनो शहरावरून. चेक रेल्वेच्या तिकिटात जागा धरलेली नसते, आरक्षण वेगळं घ्यावं लागतं. थोड्या पैशांसाठी ते टाळून सामानासकट दारात उभं राहू नका.

प्रागच्या किल्ल्याला मात्र तिकिटाइतकीच वाटेची तयारी लागते. आवारात जायला पैसे पडत नाहीत, सुरक्षा तपासणी होऊ शकते, आतल्या इमारतींना तिकीट आहे. सगळे नदीवरच्या चार्ल्स पुलावरून चढ चढून वर जातात आणि पोचेपर्यंत दमतात. तुम्ही २२ नंबरच्या ट्रॅमने थेट 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरा, किल्ला बघा आणि उतारानं खाली पुलावर या. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रल या मोठ्या चर्चचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं, त्यामुळे आपल्याकडच्या रखडलेल्या कामांवर तिथे बोलू नये. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात; बुधवार निवडायचं हेही एक कारण. चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ सालची, लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त. तो बघायचा तर सकाळी सातच्या आत, नंतर पुतळे दिसत नाहीत, सेल्फीच्या काठ्या दिसतात. जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ तासातासाला वाजतं, वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात. एक मिनिटाचा खेळ आहे, त्यासाठी अर्धा तास ताटकळू नका.

ज्यू वस्तीला मात्र घाई नको. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक भागातल्या, जवळपास ८० हजार ज्यूंची नावं हातानं लिहिली आहेत. शेजारच्या जुन्या दफनभूमीत दगड एकमेकांवर रेललेले आहेत. त्या दिवशी दुपारी दुसरं काहीच ठेवू नका.

पैशांचं एक ध्यानात ठेवा: चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात, पण भाव त्यांचा. एटीएम किंवा कार्डयंत्र 'रुपयांत की कोरुनात' असं विचारेल, तिथे कोरुनाच निवडा. रुपयांतली सोय महागात पडते. मनी चेंजरकडे दर वाईट निघाला तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार मोडण्याचा हक्क चेक कायद्यानं दिला आहे. थोडी नाणी खिशात असू द्या, सार्वजनिक शौचालयांना लागतात. विमानतळावरून शहरात यायला ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग मेट्रो. कागदी तिकीट घेतलंत तर यंत्रात शिक्का मारल्याशिवाय ते तिकीट नसतं, हे बाबांना दोनदा सांगा.

बॅगेत काय? सगळ्यात आधी बूट, आणि तेही घरी महिनाभर वापरलेले. प्रागचे रस्ते दगडी, त्यावर चाकाची बॅग रात्री साऱ्या गल्लीला उठवते. आपल्या मोबाइलच्या बारीक दोन पिनांच्या चार्जरचं दोन्हीकडे भागतं, लॅपटॉपच्या तीन पिनांचं नाही. चिवडा, खाकरा, मेतकूट, चहा पावडर घ्या. पेढे, तूप, श्रीखंड घरीच ठेवा, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. शाकाहारी असाल तर प्रागला तळलेलं चीज, 'स्माझेनी सिर', जवळपास कुठेही मिळतं. सूप मागवण्याआधी मात्र त्यात मांसाचं पाणी आहे का हे विचारा. व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाला येतं.

आणि व्हिएन्नात शनिवारी शोनब्रुनहून परतताना संध्याकाळी सहाच्या आत सुपरमार्केटात शिरा. दूध, ब्रेड, केळी, दोन दिवसांची. विसरलातच तर रविवारी मुख्य रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं, आम्हाला ते संध्याकाळी कळलं.