'लॉल'वाली गोळी चालू असेल तर एवढं नक्की बघा

राजेंद्रनगरला माझं मेडिकल आहे आणि रोज कुणी ना कुणी काउंटरवर येऊन म्हणतं, दादा ती बीपीची छोटी पांढरी गोळी द्या, नाव नाही आठवत. अहो, छोट्या पांढऱ्या गोळ्या माझ्याकडे शंभर आहेत! तर पहिलं काम हे करा, घरातला गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, हातात घ्या, उलटा करा आणि कंपनीचं मोठं नाव सोडून खाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचा. तिथे मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉल असं शेवटी 'लॉल' असलेलं नाव दिसलं तर ती बीटा ब्लॉकर आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

ही गोळी करते काय, तर घाबरल्यावर, धावल्यावर, रागावल्यावर शरीरात जे अॅड्रेनलिन सुटतं त्याला हृदयावर फार जोर करू देत नाही. ठोके कमी होतात, हृदयाला कमी राबावं लागतं, बीपीही उतरतं. नुसत्या बीपीसाठी आजकाल डॉक्टर बहुतेक दुसरी गोळी आधी देतात, पण हार्ट अटॅक येऊन गेलाय, अंजायना आहे (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), ठोके अनियमित पडतात किंवा हृदय कमजोर झालंय अशांना हीच लागते. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल काढलं, 1988 साली त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे औषध जुनं आणि नीट पारखलेलं आहे, उगाच घाबरू नका.

घाबरायचं फक्त एका गोष्टीला, अचानक बंद करण्याला.

हे आमच्याच घरात झालंय म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, मेटोप्रोलॉल चालू, तब्येत एकदम छान. पुण्याला आतेभावाच्या मुलीचं लग्न होतं, बाबा आणि आई पुढे गेले आणि गोळ्यांचा डबा इथे फ्रीजवर राहिला. बाबांनी कुणाला सांगितलंच नाही, म्हणाले चार दिवसांनी काय होतंय, बीपी तर नॉर्मलच येतंय. तिसऱ्या दिवशी कार्यालयाचा जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, नाडी 110. वेळेवर अॅडमिट केलं म्हणून निभावलं. मी रोज शंभर लोकांना औषधं देतो आणि निघताना बाबांना "डबा घेतलात का" एवढं विचारलं नाही, हे मला अजून लागून राहिलंय.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. गोळी बरेच दिवस अॅड्रेनलिनची वाट अडवून धरते तेव्हा हृदय त्याच्यासाठी जास्तीची दारं उघडून ठेवतं, मग एका दिवसात गोळी काढली की सगळ्या दारांतून एकदम लोंढा आत येतो, ठोके वाढतात, बीपी चढतं आणि ज्याच्या नसा आधीच अरुंद आहेत त्याला अंजायना किंवा अटॅकसुद्धा येऊ शकतो. अमेरिकेत तर मेटोप्रोलॉल आणि अॅटेनोलॉलच्या माहितीपत्रकातच ही सूचना छापलेली असते. बंद करायचीच असेल तर डॉक्टर आठवडा दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात, ते काम त्यांचं, आपण घरी बसून करायचं नाही. बीपी नॉर्मल येतंय ते गोळीमुळेच येतंय हे घरातल्या मोठ्यांना परत परत सांगा, ते तेवढ्यापुरतं हो म्हणतात आणि विसरतात.

आता घ्यायची कशी. रोज एकाच वेळी. मेटोप्रोलॉल आणि कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, कार्व्हेडिलॉल तर रिकाम्या पोटी घेतली की उठताना चक्कर यायची शक्यता वाढते. पत्त्यावर एक्सएल किंवा ईआर लिहिलं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे, कुटायची नाही, चावायची नाही, मधे रेघ असेल आणि डॉक्टरांनी अर्धी सांगितली असेल तरच रेघेवर तोडायची. आमच्याकडे एक आजी यायच्या, गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून घ्यायच्या, दिवसभराचं औषध एका तासात अंगात, आणि मग म्हणायच्या सकाळी डोळ्यापुढे अंधारी येते. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं आणि अंधारी थांबली.

दवा बाजारातून किंवा जनऔषधी केंद्रातून स्वस्त मिळते म्हणून आणताय, खुशाल आणा, फक्त जुना पत्ता आणि नवा पत्ता शेजारी ठेवून बारीक अक्षरं जुळवा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ह्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, पहिली साधारण दिवसातून एकदा असते, दुसरी दोनदा किंवा जास्त वेळा, ही अदलाबदल मी स्वतः पाहिली आहे. आणि जोडगोळ्या बघा, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं, टेल्मिसार्टनबरोबर मेटोप्रोलॉल, अॅम्लोडिपिनबरोबर अॅटेनोलॉल असे पत्ते खूप चालतात, एका डॉक्टरांनी जोडगोळी दिलेली, दुसऱ्यांनी साधी, आणि माणूस दोन्ही घेतोय म्हणजे तेच औषध दुप्पट.

गोळी विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

नाडी मोजायला शिका, मशीनपेक्षा मला ह्याचा भरवसा जास्त वाटतो. पाच मिनिटं शांत बसा, तळहात वर, अंगठ्याच्या खाली मनगटाच्या कडेला दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकी ठेवा, अंगठ्याने मोजू नका कारण अंगठ्याचीच नाडी जाणवते. घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा, ठोके वेडेवाकडे पडत असतील तर पंधरा सेकंद गुणिले चार चालत नाही. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा, शेजारी बीपी. 50च्या खाली आला, किंवा 60च्या खाली आणि सोबत चक्कर, गळून गेल्यासारखं, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. वरचं बीपी 100च्या खाली येत असेल तरी सांगाच. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

सुरुवातीचे दोनतीन आठवडे थकवा येतो, हातपाय गार पडतात, कुणाला वाईट स्वप्नं पडतात, पुरुषांना आणखी एक अडचण येते जी ते बायकोच्या हाती चिठ्ठी देऊन कधीच विचारणार नाहीत. लाजू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, पण म्हणून आपणहून बंद करू नका. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं की बीपी आणखी उतरतं, पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसा. आणि गोळी चालू आहे म्हणून सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव चालेल असं नाही, मीठ ते मीठच.

दमा असेल तर गोळी लिहून घेतानाच स्पष्ट बोला, ह्या औषधाने श्वासनळ्या आवळू शकतात, प्रोप्रॅनोलॉलने तर जास्तच. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर तेही बीटा ब्लॉकरच आहेत, डोळ्याचं औषध म्हणून लोक सांगतच नाहीत.

शुगर असलेल्यांनी हे नीट वाचा. शुगर खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, त्यावरून आपल्याला कळतं ना, ही गोळी तीच लक्षणं झाकून टाकते. घाम मात्र येतो. त्यामुळे इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि अचानक गार घाम सुटला, गोंधळल्यासारखं झालं, तर लगेच ग्लुकोमीटर लावा.

माझ्या काउंटरवरूनच लोक न विचारता नेतात अशा दोन गोष्टी म्हणजे सर्दीची गोळी आणि दुखण्याची गोळी. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, बीपी चढवतं, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक रोज घेतली तर बीपीच्या गोळीचा असर कमी करतात. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीसुद्धा बीपी आणि हृदयाचीच औषधं) आधीपासून चालू असेल तर नव्या डॉक्टरांना दाखवाच, दोन्ही मिळून ठोके फार मंद होऊ शकतात. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, गोळी त्यांना न विचारता सोडू नका. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तरी आधी सांगा, अॅटेनोलॉल तेव्हा सहसा टाळतात.

हृदय कमजोर असलेल्यांना डोस अगदी थोड्यापासून सुरू होतो, कार्व्हेडिलॉल 3.125 मिलिग्रॅम वगैरे, आणि हळूहळू वाढवतात. त्यांनी रोज सकाळी वजन करा, दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, झोपल्यावर दम लागला तर वाट बघू नका.

छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, श्वास न पुरणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, ह्यात मला फोन करू नका, 108 लावा.

बाबा आता कुठेही निघाले की दोन पत्ते बरोबर असतात, एक आईच्या पर्समध्ये, एक त्यांच्या शर्टाच्या खिशात, आणि पाकिटात एक कागद, त्यावर गोळीचं पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची आणि माझा नंबर. अक्षर आईचं आहे, मोठं आणि ठळक, चष्मा नसला तरी वाचता येईल असं.