ऐकून वाचताना आधी फाईल तपासा: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात एक जुने सभासद आले. निवृत्त मुख्याध्यापक, गावात सगळे त्यांना सरच म्हणतात. काचबिंदूनं नजर जाईपर्यंत आठवड्याला दोन पुस्तकं ठरलेली. त्या दिवशी हातात नवा मोबाईल होता आणि चेहऱ्यावर राग. "मॅडम, ही फोनमधली बाई मला मराठी सोडून काहीही ऐकवते. तुम्हीच ऐका."

मी कान लावला. बाई अगदी शांतपणे सांगत होत्या, "ओ, ओ, ई सर्कमफ्लेक्स, भागाकाराचं चिन्ह, ओ..." दुकानदारानं फोन दोनदा रिसेट करून दिला होता. मुलानं पुण्याहून फोनवर सांगून तीन ॲप टाकायला लावली होती. ती पीडीएफ मात्र कुणी उघडून पाहिली नव्हती. फोन ठणठणीत होता, बाईही शहाण्या होत्या. त्यांच्यापुढे जे होतं तेच त्या वाचत होत्या.

वाचनालयातल्या बोलक्या पुस्तकांच्या टेबलाशी पाच वर्षं बसल्यावर माझं मत झालंय की दहातल्या सात तक्रारींचं मूळ फाईलमध्ये असतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

दिसतं मराठी, असतं भलतंच

मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांवर झाली. या जुन्या फाँटांमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी किंवा युरोपीय अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण आत साठवलेली असतात परकी अक्षरं आणि चिन्हं. डोळा फसतो. स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचतो, त्यामुळे तो फसत नाही आणि ऐकणाऱ्याच्या नशिबी ती खिचडी येते.

तपासायला अर्धं मिनिट पुरतं. डोळस माणसानं पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवावी. मराठी जशीच्या तशी उतरली तर युनिकोड आहे, म्हणजे आतही मराठीच अक्षरं आहेत, चालेल. चौकोन, टिंबं आणि टोप्या घातलेली अक्षरं उतरली तर जुना फाँट. आणि ओळ निवडताच आली नाही, बोट ठेवल्यावर सगळं पान एखाद्या फोटोसारखं निळं झालं, तर तो फोटोच आहे. त्यात अक्षर एकही नाही.

चौथा प्रकार फसवा असतो. मजकूर युनिकोड आहे, पण पीडीएफ बनताना वेलांट्या घसरल्यात, जोडाक्षरं फुटलीत. 'स्थिती'चं 'स् थती' होतं. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज अडखळतोय. यावर आवाज बदलून काही होत नाही. प्रकाशकाकडे मूळ वर्ड फाईल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाईल) मागा. मागायला लाजू नका, दोनदा मागितल्यावर मिळते असा माझा अनुभव आहे.

जुन्या फाँटावर फाँट कन्व्हर्टर (जुन्या फाँटातल्या मजकुराचं युनिकोड करून देणारं सॉफ्टवेअर) हा उपाय आहे, पण एका फाँटाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लागू पडत नाही. आधी फाँटाचं नाव बघायचं (पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडतं), मग कन्व्हर्टर शोधायचा. फोटो-पीडीएफवर उपाय ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारं तंत्र.

ओसीआरवर आंधळा विश्वास

शब्द जाणूनबुजून वापरलाय, सरांचाच आहे.

गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीचं ओसीआर होतं. टेसरॅक्ट हे फुकटातलं सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं. पण सगळं पुस्तक एका दमात टाकू नका, प्रकरणाप्रकरणानं टाका. त्याआधी स्कॅन नीट हवा. उघड्या पुस्तकाचा एकच फोटो काढला की डाव्या पानाची ओळ संपते आणि आवाज थेट उजव्या पानावर उडी मारतो. एका वेळी एकच पान घ्या, मधल्या शिवणीची सावली टाळा, स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय ठेवा.

खिळ्यांच्या छपाईच्या जुन्या पुस्तकांत घ-ध, भ-म, थ-य, ष-प यांची अदलाबदल होणारच. 'घर'चं 'धर' झालं तर कथा वाचताना कळून जातं. १ आणि ९ ची अदलाबदल कळत नाही. म्हणून औषधाची चिठ्ठी, बँकेचं पत्र आणि सातबारा केवळ ओसीआरच्या भरवशावर कधीच ऐकू नये. तिथे एक डोळस माणूस हवाच.

आणखी एक गंमत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि व्युत्पत्तीपुरते दिले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'तें' असतं. मशीनचा आवाज ते सगळे अनुस्वार इमानानं नाकातून उच्चारतो. सर म्हणतात, जुनं पुस्तक लावलं की बाईंना सर्दी होते. बिघाड समजून सेटिंग उचकायला जाऊ नका.

मराठी पुस्तक, हिंदी आवाज

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (त्यातला स्क्रीन रीडर) सुरू केलं की काम संपलं असं घरच्यांना वाटतं. टॉकबॅक हा नुसता वाचक, त्याला घसा लागतो. तो टेक्स्ट-टू-स्पीचच्या, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या आवाजाच्या, सेटिंगमधून येतो आणि तिथे बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदी ठेवलेलं असतं. आवाज इंग्रजी असेल तर काही वेळा देवनागरी मजकूर सरळ गाळला जातो आणि माणसाला वाटतं पान कोरं आहे.

आमच्याकडची चाचणी अशी: '२५ फळं' असं टाइप करून वाचायला लावा. 'पच्चीस' ऐकू आलं तर आवाज हिंदी. 'ळ'चा 'ल' झाला तरी तेच. मग टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी निवडा आणि व्हॉइस डेटा उतरवून घ्या, नाहीतर घरच्या वायफायवर नीट वाचणारा फोन एसटीत बसल्यावर मुका होतो.

मराठी आवाज लावल्यावरही 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं यांतला ज तो एकसारखाच उच्चारू शकतो. लिहिताना आपणही फरक करत नाही, त्याला तरी कसं कळावं! आठवड्याभरात कान सरावतो.

संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. त्यातला ईस्पीक आवाज मराठी वाचतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. नवखे पहिल्याच दिवशी वैतागतात. जन्मापासून न दिसणारी आमची एक विद्यार्थिनी मात्र तोच आवाज अशा वेगानं ऐकते की मला एक शब्द कळत नाही. ज्यांची नजर नुकतीच गेली आहे त्यांच्यासाठी वेग कमी ठेवा आणि विरामचिन्हं बोलून दाखवण्याचं सेटिंग खाली आणा. दर ओळीला 'स्वल्पविराम, अवतरणचिन्ह' ऐकून कुणाचंही डोकं उठेल.

घरच्यांची एक हमखास चूक इथेच सांगते. टॉकबॅक सुरू असताना एकदा टॅप केलं की फक्त नाव ऐकू येतं. उघडायला दोनदा टॅप लागतो आणि पान सरकवायला दोन बोटं. हे माहीत नसलेला नातू 'आजोबांचा फोन हँग झालाय' म्हणून टॉकबॅकच बंद करून टाकतो. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबली की बहुतेक फोनांवर टॉकबॅक चालू-बंद होतं. हा शॉर्टकट एकदा सेटिंगमध्ये जाऊन लावून ठेवा.

सभासदत्वाच्या आधीच माघार

'मला थोडं दिसतं, म्हणजे ते अंधांचं ग्रंथालय माझ्यासाठी नाही.' असं म्हणून कितीतरी जण वर्षं वाया घालवतात. छापील मजकूर वाचता न येणं ही इथली कसोटी आहे. अल्पदृष्टी असलेले, डिस्लेक्सिया असलेले, हातात पुस्तक धरता न येणारेसुद्धा यात बसतात. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं डेझी फोरम ऑफ इंडियाच्या (डेझी हा बोलक्या पुस्तकांचा एक प्रकार) साथीनं २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलं. डेझी फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत त्याचं सभासद होता येतं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र अशा कामातलं जाणतं नाव. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

दुसऱ्या बाजूची चूक आम्हा ग्रंथपालांची. 'स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटची भानगड होईल' म्हणून वाचकाला परत पाठवायचं. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग वाचकासाठी वाचनसुलभ प्रत करायला त्यानं मुभा दिली, आणि त्यातल्या संस्थांमध्ये सरकारमान्य ग्रंथालयही येतं. अट एवढीच की त्यात नफा नको आणि प्रत दिव्यांग वाचकाच्याच हाती जायला हवी. अशा प्रतींना मुभा देणारा २०१३ चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार सगळ्यांत आधी, २०१४ मध्ये, मान्य करणारा देश भारत. तेव्हा घाबरू नका. पण तीच फाईल दोनशे जणांच्या 'वाचनवेडे' ग्रुपवर टाकायची मुभा मात्र कुणी दिलेली नाही. ग्रुपमधल्या धडधाकट डोळ्यांच्या मंडळींनी पुस्तक विकत घ्यावं.

डेझीचं पुस्तक उघडत नाही

डाउनलोड झालं, पण झिप तशीच आहे. नव्वद टक्के वेळा एवढंच असतं. आधी ती एका फोल्डरमध्ये उलगडा. डेझी पुस्तक म्हणजे एक फाईल नसते, अख्खं कुटुंब असतं. जुन्या डेझी २.०२ मध्ये एमपी३ फायलींसोबत 'एनसीसी' नावाची एक छोटी एचटीएमएल फाईल असते. पुस्तकाची अनुक्रमणिका, पानं, मथळे सगळं तिच्यात. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकानं पेन ड्राइव्हवर जागा करायला त्या 'फालतू किरकोळ फायली' उडवल्या होत्या. उरलं ते नुसतं रेकॉर्डिंग. पुढच्या प्रकरणावर जाता येईना की पान ४७ सापडेना. अख्खा फोल्डर कॉपी करा, आतल्या कशाचंही नाव बदलू नका. संगणकावर थोरियम रीडर, फोनवर डॉल्फिनचं ईझीरीडर ही दोन्ही ॲप मोफत आहेत आणि डेझी वाचतात.

मोठं म्हणजे बरं, असं नाही

हे अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी. मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) विकारात मधलं दिसत नाही, तिथे अक्षर मोठं केलं की फायदा होतो. काचबिंदूत कडेचं जातं आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं उरतं. अशा माणसाला फार मोठं अक्षर दिलं तर नळीत एकच अक्षर मावतं आणि शब्द जुळत नाही. सरांची नजर थोडी शिल्लक असताना मुलानं हौसेनं सगळ्यांत मोठं भिंग आणलं होतं. ते कपाटातच राहिलं. भिंगाची ताकद वाढते तशी त्यातून दिसणारी जागा घटते, म्हणून काम भागेल तेवढंच घ्या, तेही लो व्हिजन क्लिनिकमध्ये वाचून पाहून. भिंग डोळ्याजवळ धरा आणि कागद जवळ आणा. लोक नेमकं उलट करतात. दिवा समोर नको, खांद्यावरून पानावर पडेल असा हवा. काळ्या कार्डबोर्डला एका ओळीएवढी खाच पाडून पानावर ठेवली की चकाकी कमी होते आणि ओळ चुकत नाही. खर्च शून्य.

फोनवर पीडीएफ बोटांनी ताणून वाचत असाल तर दर ओळीला डावीकडे-उजवीकडे सरकावं लागतं. ईपबमध्ये अक्षर वाढवलं की ओळ आपोआप पडद्यात मावते.

ब्रेलबद्दल थोडंच. साठीनंतर नजर गेलेल्या सभासदासाठी ब्रेलची जाडजूड पुस्तकं मागवून कपाट भरण्यात अर्थ नाही. पण शाळकरी मुलाला 'आता ऑडिओ आहे, ब्रेल कशाला' म्हणणं ही मोठी चूक. ऐकून 'कि' आणि 'की' यांतला फरक कळत नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ चे ठिपके २ आणि ४, दीर्घ ई चे ३ आणि ५, बोटाला लगेच समजतात. 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक २००८ साली सुरू झालं. मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडचं काही पडावं असं वाटत असेल तर त्याचे अंक लक्षात ठेवा.

वाचून देणाऱ्यांनो

पुस्तकं रेकॉर्ड करून देणारे स्वयंसेवक मनापासून वाचतात, कधीकधी जरा जास्तच. नाटकी आवाज काढू नका, रडू ऐकणाऱ्याला येऊ द्या. पंखा बंद करा. विद्यार्थ्यासाठी वाचत असाल तर पान क्रमांक सांगा, तळटीप सोडू नका, अनोळखी परकी नावं एकदा अक्षरं फोडून सांगा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटांची माळ लावू नका, दुसऱ्या दिवशी कुठपर्यंत ऐकलं ते सापडत नाही.

आणि फायलींना नावं देताना १, २, ३ असं न लिहिता ०१, ०२, ०३ लिहा. कित्येक प्लेअर १ नंतर १०, मग ११, मग २ असा क्रम लावतात. मी स्वतः वाचलेली एक कादंबरी सरांनी याच क्रमानं ऐकली. पेन ड्राइव्ह परत देताना म्हणाले, "मॅडम, छान आहे. दुसऱ्याच प्रकरणात नायक म्हातारा होतो आणि नंतर शाळेत जातो. लेखकानं काळाशी चांगलाच खेळ केलाय."