शाळेच्या इंटरनेटचा करार वाढवण्याआधी

बडोद्यात उन्हाळी सुट्टी लागली की शाळेची लाइन महिनाभर जवळजवळ रिकामी असते, बिल मात्र पूर्ण येतं. करार काढून पाहण्याची हीच वेळ.

सगळ्यात आधी करार आपोआप वाढण्याचं कलम शोधा. नोटीस ६० दिवस आधी द्यायची असेल आणि तारीख चुकली, तर जुनाच दर पुन्हा गळ्यात पडतो. ती तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

मग वापर मोजा. राउटरमधला आलेख शाळा चालू असलेल्या दोन आठवड्यांचा, सकाळी १० ते १२ या वेळेतला हवा, सुट्टीतला फसवतो. स्पीड टेस्ट केबल लावूनच करा. वायफायवर केलीत तर दोष भिंतींचा आणि ठपका कंपनीवर. लॅबमध्ये ४० संगणक, प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर ८० लागतात. अशा ठिकाणी २०० ची लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखीव, महाग लाइन) म्हणजे उधळपट्टी. साध्या ब्रॉडबँडची लाइन इतरांशी वाटलेली असते, गर्दीत मंदावू शकते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्वस्त लाइन घेणं बऱ्याचदा परवडतं. फक्त दोन्हींची केबल एकाच खांबावरून येत नाही ना, तेवढं बघा. नाहीतर खांब पडला की दोन्ही बंद!

९९.५ टक्के अपटाइम (लाइन चालू राहण्याची हमी) म्हणजे महिन्याला ३.६ तास बंद चालतं. त्याहून जास्त बंद राहिल्यास बिलातून किती कापणार, हे लेखी घ्या. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरूनच विचारा. शाळेला तो सहसा परत मिळत नाही.