फी भरलीये ना, मग युनिव्हर्सिटीची लायब्ररी वसूल करा

एमए, एमएस्सीला नवीन आलेल्या किंवा पीएचडीचा कोर्सवर्क चालू असलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. बहुतेकांसाठी लायब्ररी म्हणजे रीडिंग रूम, वायफाय आणि स्पर्धा परीक्षावाल्यांनी सकाळी सकाळी बॅग ठेवून धरलेली जागा, बास. जागेची भांडणं तुमची तुम्ही निस्तरा. मी बोलतेय ते बाकीच्या मालाबद्दल, ज्याचे पैसे आधीच भरले गेलेत आणि जो कुणी वापरत नाही.

पुण्यात जयकर, मुंबईत कलिन्याची जवाहरलाल नेहरू, कोल्हापुरात खर्डेकर, कुठेही असा, कार्ड काढायला जाल तेव्हाच काउंटरवर विचारून घ्या की घरून जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, बघायचं लॉगिन कसं मिळतं. हा प्रश्न आपणहून विचारावा लागतो, कारण बोर्डावर लावलेलं असलं तरी ते नोटिसांच्या ढिगाखाली असतं. कॅम्पसच्या वायफायवर बरंचसं थेट उघडतं, पण हॉस्टेल किंवा गावाकडून बघायचं तर बऱ्याच ठिकाणी इनफेड नावाची सोय असते, तिचा आयडी लायब्ररीच बनवून देते. संलग्न कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना एन-लिस्टबद्दल विचारा, ही कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी योजना आहे, कॉलेज सभासद असेल तर तिथे विद्यार्थ्यांनाही लॉगिन मिळतं.

आता हे का महत्त्वाचं, तर १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना चालू झालीये. ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांना खुली, आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद. आणि आपण काय करतो, तर एका लेखाचे तीसेक डॉलर मागणारं पान दिसलं की टॅब बंद करतो नाहीतर टेलिग्रामवर पीडीएफ मागत बसतो. आधी लॉगिन करून बघा ना!

पुस्तकांसाठी ओपॅक, म्हणजे लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग. त्यात पुस्तक सापडलं की कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा नंबर, लिहून घ्या आणि त्या कपाटापाशी गेल्यावर आजूबाजूचीही पुस्तकं चाळा. विषयवार नंबर देणारी ड्युई पद्धत असेल तर मराठी साहित्य ८९१.४६ ला, त्यातली कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, म्हणजे एका विषयाची पुस्तकं शेजारीशेजारीच लागलेली असतात आणि कामाचं पुस्तक बऱ्याचदा तुम्ही शोधायला गेलेल्याच्या दोन घरं पलीकडे निघतं. मराठी नाव देवनागरीत टाकून सापडलं नाही तर रोमनमध्ये टाका, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. नुसत्या आडनावानेही शोधा.

शोधायचं कसं यावर जरा थांबते, कारण इथेच सगळे गडबडतात. समजा विषय आहे ऊसतोड कामगारांचं स्थलांतर. गुगलमध्ये अख्खं वाक्य टाकलं की बातम्या येतात. गुगल स्कॉलरला जा, ते संशोधनाचे लेख शोधायचं गुगल, 'शुगरकेन कटर्स' इंग्रजीत अवतरणचिन्हांत टाका, मग मोठ्या अक्षरांत 'ऑर' (OR), मग 'शुगरकेन हार्वेस्टर्स' पण तसंच, आणि शेवटी बीड किंवा महाराष्ट्र. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या खालचं 'सायटेड बाय' दाबा, त्याच्यानंतर कुणीकुणी त्याचा आधार घेतला ते कळतं, आणि लेखाच्या शेवटची संदर्भसूची बघितली की त्याच्या आधीचं कळतं. असं मागेपुढे केलं की एका लेखावरून संध्याकाळपर्यंत वाचायची यादी तयार. स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' असतं, तिथे आपली युनिव्हर्सिटी सापडली तर जोडून टाका. नाहीतर 'ऑल व्हर्जन्स'मध्ये कधीकधी लेखकाने स्वतः टाकलेली फुकट प्रत असते. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःच्या नावाने फुकट अकाउंट काढलं तर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, फक्त डाउनलोड होत नाहीत.

शोधगंगा सगळ्यांना माहितीये, पण लोक तिथे चोरी करायला जातात. भारतभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत तिथे, प्रकरणवार वेगवेगळ्या फायली. मी आधी '८०_रेकमेंडेशन' नावाची फाईल उघडते कारण त्यात निष्कर्ष असतात, मग थेट बिब्लिओग्राफी. मधली प्रकरणं गरज वाटली तरच. प्रबंधांचा दर्जा वरखाली असतो हे स्पष्टच सांगते, पण त्या विषयावर मराठीत काय छापून आलंय, कुठल्या समितीचा अहवाल आहे, हे तिथल्या सूचीत मिळतं तसं स्कॉलरवर मिळत नाही.

मराठीतल्या कामासाठी मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्राची जिल्हा गॅझेटिअर्स ऑनलाइन फुकट आहेत, जुनी वर्तमानपत्रं आणि दुर्मीळ ग्रंथ हवे असतील तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी हे ऑनलाइन भांडार बघा.

वाचलेलं सगळं पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे, ब्राउझरचं बटण दाबलं की लेखक-वर्ष-जर्नल आपोआप भरलं जातं. मराठी पुस्तकांची माहिती मात्र हातानेच भरावी लागते, प्रकाशक, आवृत्ती आणि पान नंबर पुस्तक हातात असतानाच टिपून ठेवा, नंतर ते कुणीतरी इश्यू करून नेलेलं असतं.

प्रबंध जमा करायच्या आधी साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का हे बघणं, लायब्ररीतूनच होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. शेवटच्या आठवड्यात तिथे लाईन लागते, तेव्हा महिनाभर आधीच विचारून ठेवा. आणि नो ड्यूज घेण्याआधी सगळे पीडीएफ स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, नंतर लॉगिन बंद होतं.