परदेशी मदतीतून कौशल्य प्रशिक्षण उभं करताय? आधी स्टोअरची किल्ली मागा

मी फ्रिज-एसी दुरुस्ती शिकवणारा निदेशक. कधीतरी 'प्रकल्प समन्वयक' ही जादा जबाबदारी गळ्यात पडली आणि मग मदत देणाऱ्या परदेशी पाहुण्यांची सरबराई, सामंजस्य करार, तिमाही अहवाल यांत बरीच वर्षं गेली. तुमच्या संस्थेतही असा प्रकल्प येऊ घातला असेल, तर माझ्या चुका तुम्हाला फुकट मिळतायत, घ्या.

पाहुण्यांसोबतच्या पहिल्या बैठकीत सादरीकरण ठेवू नका. त्यांना स्टोअरमध्ये न्या. मागच्या प्रकल्पातून आलेलं सामान बहुधा तिथेच असतं. आमच्याकडे गॅस परत खेचून घेणारं रिकव्हरी मशीन सीलबंद खोक्यात पडून होतं. प्लग आमच्या सॉकेटला बसत नव्हता आणि माहितीपुस्तिका कुणालाच न येणाऱ्या भाषेत होती. मुख्य अडचण वेगळीच. यंत्र डेड स्टॉकच्या, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढलं होतं, बिघडलं तर सही करणाऱ्याच्या मागे चौकशी लागणार. मग हात कोण लावतो? तेव्हापासून करारात मी तीन वाक्यं घालूनच घेतो: सुटे भाग जवळपास मिळतील असंच यंत्र, पुस्तिका शिकवण्याच्या भाषेत, आणि प्रात्यक्षिकात झालेली मोडतोड निदेशकाच्या माथी नाही. तिसऱ्या वाक्यावर आपलेच साहेब अडतात, पाहुणे नाही.

मग काय शिकवायचं ते ठरवा. २००९ साली पिट्सबर्गमध्ये जी-२० देशांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला प्रशिक्षणाचं धोरण आखायला सांगितलं आणि २०१० मध्ये टोरांटोच्या परिषदेत ते मांडलं गेलं. त्याचा गाभा साधा आहे: प्रशिक्षणाची गाठ आजच्या आणि उद्याच्या कामाशी बांधा. ते करायचं कसं? मालकांना प्रश्नावली पाठवू नका, ती कारकून भरून देतो. डेकम नावाची पद्धत आहे, ती वापरा. त्या कामात मुरलेले आठ-दहा कारागीर दोन दिवस एका खोलीत बसवा. 'तुम्ही नेमकं काय करता?' एवढंच विचारा आणि प्रत्येक काम एकेका कार्डावर लिहून भिंतीवर लावा. 'गॅस भरतो' असं कुणी म्हणालं की थांबवा. कशानं मोजून भरता?

आमच्या खोलीत यावर शांतता पसरली. आर-२२ या जुन्या, थंडावा देणाऱ्या वायूवर हात बसलेला माणूस दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघून, पाइपचा गारवा बोटांनी चाचपून गॅस भरतो, आणि मशीन चालतंही. पण आर-२२ ओझोनला मारक म्हणून माँट्रियल कराराखाली बाद होतोय, आणि त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं आर-२२ च्या जागी आलेले तापमान वाढवणारे एचएफसी वायूही टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आहेत. पर्यायांपैकी एक आर-२९०, म्हणजे प्रोपेन. तो पेट घेतो. घरगुती फ्रिजमध्ये अशा ज्वलनशील वायूची मर्यादा १५० ग्रॅम, म्हणजे इथे बोटांचा अंदाज नाही, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. आत गॅस असताना ब्रेझिंगची, म्हणजे पाइप तापवून जोडायची, ज्योत पेटवायची नाही. गळती नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसानं तपासायची. आणि आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये प्रोपेन भरायचा नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. ही चार कार्डं आमच्या अभ्यासक्रमाचा कणा झाली. अशा प्रशिक्षणाला पैसा कुठून, याचं एक उत्तर माहीत असू द्या: माँट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून विकसनशील देशांना मदत देतो आणि त्यातून तंत्रज्ञांचं प्रशिक्षणही होतं.

परदेशी प्रशिक्षणाला कोण जाणार यावर भांडा, अगदी वाईटपणा घेऊन. हातात हत्यार धरणाराच गेला पाहिजे, आणि परतल्यावर महिन्याभरात त्याचा वर्ग लागलाच पाहिजे. श्रीमंत देशातलाच तज्ज्ञ हवा असंही काही नाही. विकसनशील देशांनी एकमेकांना तांत्रिक सहकार्य करावं म्हणून १९७८ मध्येच ब्यूनोस आयर्सचा कृती आराखडा झाला. दाब वर-खाली होणारी वीज आणि चारदा दुरुस्त झालेला कॉम्प्रेसर ज्यानं स्वतः हाताळलाय, तो शेजारचा निदेशक मला जास्त उपयोगी पडलाय.

अंदाजपत्रक वाचताना यंत्रांच्या किमती सोडून द्या, खाली उतरा. नायट्रोजन, ब्रेझिंगच्या सळ्या, तांब्याचे पाइप, पंपाचं तेल. प्रकल्प संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षी हे कोण घेणार, त्या कार्यालयाचं नाव लेखी घ्या. मदत घेणाऱ्या देशाच्याच योजनांना आणि यंत्रणांना धरून मदत चालावी, हे २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्यांनीच कबूल केलंय. बोलणी अडली की मी त्याची आठवण करून देतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या धंद्यातले बरेच जण कुठल्याच हजेरीपटावर नसतात. दिवसभराचा वर्ग म्हणजे त्यांची दिवसाची कमाई बुडाली. मग ते येत नाहीत आणि अहवालात 'अल्प प्रतिसाद' असं लिहिलं जातं. त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग लावा. जे येतं ते पुन्हा शिकवू नका, थेट हाताची परीक्षा घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र द्या.

प्रमाणपत्रं मोजायला सगळ्यांनाच आवडतं. मी सहा महिन्यांनी फोन करायला लावतो. प्रश्न दोनच: काम कोणतं करताय, आणि वजनकाटा वापरता का? दुसऱ्याला 'नाही' आलं, तर कारण विचारून त्याच शब्दांत लिहून ठेवा.

शेवटचे तीन महिने पाहुण्यांना मागच्या बाकावर बसवा आणि वर्ग आपल्या माणसाला घेऊ द्या. आमच्या व्हॅक्यूम पंपावर तेव्हा एक चिकटपट्टी लावली होती, तेल बदलल्याची तारीख लिहायला. पाहुणे जाऊन खूप दिवस झाले. पट्टीवर जागा उरली नाही म्हणून परवा दुसरी लावली.