हृदयाच्या आरोग्याविषयी डॉक्टरांशी कसे बोलावे

प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्दीच्या दिवशी एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांची मोजकीच मिनिटे येतात. म्हणून काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे आदल्या रात्रीच मुलाबाळांकडून वहीत लिहून घ्यावे.

सर्वप्रथम त्रासाचे नेमके वर्णन करावे. "छातीत दुखते" एवढ्याने भागत नाही. कापूस वेचताना, डोक्यावर ओझे नेताना की जेवणानंतर दुखते, किती वेळ टिकते आणि बसल्यावर थांबते का, हे सांगावे. कारण श्रमाने वाढणारे व विसाव्याने शमणारे दुखणे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. वडील वा भावाला 55 वर्षांच्या आधी, अथवा आई वा बहिणीला 65 वर्षांच्या आधी हृदयविकार झाला असल्यास तेही सांगावे.

घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी रुग्णाला सांगण्याजोगी वाटत नाही, परंतु अशा काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो.

खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) मुळीच लपवू नये. दिवसाला किती पुड्या लागतात, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तो सोडण्यासाठी मदत मागावी. गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची लुगदी) लावणाऱ्या बाया हे सांगायला अधिक संकोचतात. त्यांच्यासोबत आशाताई असल्यास बोलणे सोपे जाते.

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा. सायकल दामटत आल्याआल्या पट्टा बांधला, तर आकडा फसवा येतो. "थोडा जास्त आहे" या उत्तरावर उठून येऊ नये. वरचा आणि खालचा आकडा विचारून वहीत तारखेसह टिपावा. दवाखान्यात तो वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उपचारांविषयी बोलणे आवश्यक ठरते. तिशी ओलांडलेल्यांनी साखरेची तपासणीही मागावी आणि कोलेस्टेरॉल तपासायचे का, हे विचारावे.

गोळी सुरू झाली की ती किती काळ घ्यायची, हे विचारणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण बरे वाटू लागताच ती सोडून देणारे पुष्कळ असतात. विदर्भात आणखी एक प्रश्न हवाच: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातील पाणी कमी होते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हात शेतात राबताना मात्रा बदलावी लागेल का? हा बदल मात्र स्वतःच्या मनाने करू नये. पुढे मोठ्या उपचारांची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जिल्ह्यातील कोणती रुग्णालये आहेत आणि कोणती कागदपत्रे लागतात, याचीही माहिती घ्यावी.

उठण्यापूर्वी आणीबाणीचे विचारून घ्यावे: ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळ कोठे मिळते? छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ अशी लक्षणे दिसताच गॅस समजून सोड्यावर वेळ घालवू नये आणि रुग्णाला मोटरसायकलवर बसवू नये. त्याला बसवून ठेवून तत्काळ 108 क्रमांकावर फोन करावा व गावाचे नाव, फाटा आणि जवळची खूण सांगावी.